वरूडचा ट्रक आणि अकोल्याचा मिस्तरी

राजापेठेत माझं छोटं गॅरेज होतं. साठ सालानंतर डिझेलचे ट्रक वाढले, तसं माझं नावही वाढलं. तरी एक माणूस मनात सलत असायचा. अकोल्यात आम्ही दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. उस्ताद मला काम सांगायचे, आणि त्याला विचारायचे, "तुले काय वाटते रे?" सहा वर्षांत मला त्यांनी तसं एकदाही विचारलं नाही.

एका हंगामात वरूडच्या संत्रा व्यापाऱ्याचा जुना ट्रक माझ्याकडे आला. बडनेऱ्याला, रेल्वेवर माल पोचवायचा ट्रक. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्तरी, रिकामी गाडी मस्त पळते. माल भरला अन् चढ लागला का एकदम जान जाते. अन् धूर असा काळा, मागचं काई दिसत नाही."

मी डिझेलच्या मागे लागलो. फिल्टर बदलले, नळ्या साफ केल्या, नोझल तपासून आणले. गॅरेजसमोर इंजिन छान घुमायचं. भरलेली गाडी चढाला लागली की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः आले. "तुमच्याच्यानं होत नसन तर अकोल्याहून माणूस बोलावतो." कोणता माणूस, हे विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बडनेऱ्याला उतरून टांग्यानं आला. माझी बायको अकोल्याची. तिनं चहा दिला तर तिच्याशी माहेरच्या माणसासारखा गप्पा मारत बसला. तेही मला झोंबलं.

"काय काय पाह्यलं गड्या?" त्यानं विचारलं.

मी केलेलं सगळं सांगितलं. धुराचं आणि चढाचं मात्र सांगितलं नाही. ड्रायव्हर बाहेर गेलेला होता. पाहू दे की यालाच, किती हुशार आहे ते, असं माझ्या मनात होतं.

त्यानं इंजिन सुरू केलं, ऐकलं आणि बंद केलं. "उभ्या उभ्या नाही सांगणार हे. भरून चालवून पाहू."

ड्रायव्हर आल्यावर जवळच्या वखारीतून लाकडं भरून घेतली आणि आम्ही तिघं चांदूरच्या रस्त्याला लागलो. चढावर गाडीचा दम गेला. त्यानं खिडकीतून मान काढून मागे पाहिलं. "धूर काळा आहे. डिझेल पोचून राह्यलं, हवाच पोचत नाही."

गाडी बाजूला घेऊन त्यानं हवा गाळायच्या तेलाच्या डब्यापासून इंजिनात जाणारी जाड रबरी नळी काढली. डब्यातलं तेल मी बदललं होतं, पण ही नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. त्यानं आत बोट घातलं. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. इंजिननं जोरात हवा ओढली की तो आडवा होऊन वाट बंद करायचा.

ड्रायव्हर पटकन म्हणाला, "मी तं पयल्याच दिवशी मिस्तरीले सांगतलं होतं, धूर काळा येते म्हणून!"

अकोलेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

गॅरेजवर येऊन नवी नळी बसवली, भरलेली गाडी चढ चढली. व्यापाऱ्यांना मात्र तो म्हणाला, "यानं डिझेलची सारी बाजू तपासून ठेवली होती, म्हणून मले लवकर सापडलं." त्या चांगुलपणानं मी आणखीच जळलो.

संध्याकाळी त्याला पोचवायला बडनेऱ्याला गेलो. फलाटावर त्यानं विचारलं, "धुराचं मले काहून नाही सांगतलं?"

खोटं बोलवेना. "उस्ताद तुलेच विचारत. मले कधी नाही."

तो म्हणाला, "तुह्या हाती इंजिन देऊन ते निवांत जेवायले जात. माह्याजवळून कधी हलले नाहीत. मले तुहा किती राग यायचा, तुले काय मालूम!"

गाडी आली, तो गेला. परतताना मी उस्तादांची ती सहा वर्षं पुन्हा आठवून पाहिली. जेवायला ते खरंच जात.

पुढच्या महिन्यात एक ट्रक मला उमगेना, तेव्हा मीच त्याला पत्र टाकलं आणि ड्रायव्हरचा शब्द न् शब्द लिहून कळवला. हेवा काही गेला नाही. कोणी त्याची तारीफ केली की पोटात दुखायचंच. पण त्याच्यापासून पुन्हा काही लपवलं नाही.