कार्डावरच्या बारा क्लिपा

नात मॅनेजमेंट शिकते. परीक्षेआधी मोठ्याने पाठ करायची तिला सवय आहे, आणि नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत कान बंद ठेवायची सोय नाही. मागच्या आठवड्यात ती एका गोऱ्या साहेबाविषयी वाचत होती. शंभरेक वर्षांपूर्वी तो घड्याळ घेऊन कारखान्यात कामगारांच्या वेळा मोजायचा. लोखंड वाहणाऱ्या टोळीतला एक तगडा गडी त्याने निवडला. कधी उचल, कधी बस, हे त्याला सांगितलं, आणि त्या गड्याने रोजच्या कितीतरी पट लोखंड वाहिलं. मग तेच सगळ्यांचं माप ठरलं. त्या साहेबाला या विद्येचा बाप म्हणतात.

"टोळीतल्या बाकीच्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"ते नाही गं विचारत परीक्षेत."

"पुढे टोळीतले त्या गड्याशी बोलत होते का?"

"आजी, पाठ करू दे. अजून चार विचारवंत बाकी आहेत."

तसला गडी मी स्वतः झालेली आहे.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मी बरीच वर्षं केसांच्या क्लिपा कार्डावर लावल्या. एका कार्डावर बारा. माझी धाकटी जाऊ शेजारी बसायची. तिच्या उजव्या हाताचं एक बोट लहानपणी कोयत्याने गेलेलं, म्हणून ती मागे पडायची. आमच्या वाडीत मोगरा खुडायची एक रीत होती. जिची ओळ आधी संपेल तिने वळून मागे राहिलेलीच्या ओळीत दुसऱ्या टोकाने शिरायचं. त्याचे कोणी आभार मानत नसे. गाळ्यातही मी तेच करायचे, माझी पाच-सहा कार्डं तिच्या ढिगात सरकवायची. जुन्या मॅनेजरला ते ठाऊक होतं. संध्याकाळी खोके भरले की त्याला पुरे.

मग नवा साहेब आला. तरुण, शर्ट खोचलेला, हातात मोबाइल. "सगळ्यांत फास्ट कोण?" त्याने विचारलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, एक तास करून दाखवा. मी वेळ लावतो."

जावेने टेबलाखालून माझा पदर ओढला. "जाऊबाई, दमानं. जीव नका काढू."

समोरची एक हसली. "राहू दे गं, तिला बक्षीस हवंय."

हवंच होतं. चौथीत माझा पहिला नंबर आला आणि त्याच वर्षी बापाने शाळेतून काढलं. त्यानंतर मला कोणी पहिली म्हटलं नव्हतं. तासभर मी मान वर केली नाही. बोटांची सालं निघाली. साहेबाने टाळ्या वाजवल्या. "बघा! होतं की नाही?"

दुसऱ्या दिवशी माझा आकडा फळ्यावर लागला. सगळ्यांनी दर तासाला तेवढी कार्डं करायची, दिवसभर. मला स्वतःला ते दिवसभर जमलं नसतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला ते करावंच लागलं नाही. साहेबाने मला टेबलावरून उठवून खुर्ची दिली. कोणाची किती झाली ते तासातासाला लिहायचं. जावेकडे सरकवायला आता माझ्याजवळ कार्डं नव्हती, आणि दुसरी कोणी सरकवू लागली तर तिला अडवणं हे माझंच काम.

जाऊ रोज मागे. मी खरा आकडा लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "साहेबाला एवढंच सांगा, तो एका तासाचा जोर होता म्हणून. तुमचं ऐकेल तो."

"बघते," मी म्हटलं. बघितलं नाही. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती.

नातीच्या पुस्तकात पुढे आणखी एक विचारवंत आहे. कामगारांची विचारपूस केली की काम वाढतं, असं त्याचं म्हणणं. आमचा साहेब तो धडाही शिकलेला असावा. महिनाअखेरीला त्याने जावेला आत बोलावलं, चहा पाजला, मुलं काय करतात ते विचारलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ती बाहेर आली. टेबलाखालचा डबा काढला, चपला घातल्या. जाताना माझ्या खुर्चीशी थांबली.

"आजचा माझा आकडा लिहिलात?"

"लिहिला," मी म्हटलं. खुर्चीवरून उठले नाही.