यंदा किती कैऱ्या फोडायच्या?

मंडईत लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणाऱ्या मावशींनी अडकित्ता उघडत विचारलं, “दरवर्षीसारख्या पाच किलो ना?”

ह्यांना अंदमानात नोकरी चालून आली आहे आणि सोमवारी काय ते कळवायचं आहे. तिथल्या फोटोतला निळा समुद्र पाहिला की मी फोन पालथा ठेवते. लोणचं वर्षभराचं घालायचं, पण वर्षभर आम्ही असणार कुठे? बेटावरच्या दमट हवेत बरणी टिकते का, हे तरी कुणाला विचारू?

मागे बायका खोळंबल्या होत्या. “दोनच किलो करा,” मी म्हटलं.

घरी ह्यांनी पिशवी उचलून पाहिली आणि हळूच विचारलं, “म्हणजे जायचं?”

मी अजून काहीच ठरवलं नव्हतं. कैऱ्या मात्र फोडून झाल्या होत्या.