हुंकार कुणी दिला

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात वाढले, आयटीत नोकऱ्या केल्या, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. तरीही कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या त्या खोलीत मी पुन्हा बसलेले नाही.

खोली आमच्या शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याची. हयातभर त्याने पत्रकार म्हणून तिकडच्या निवडणुका कव्हर केल्या, राष्ट्राध्यक्षांवर जाडजूड पुस्तकं लिहिली. बायको मात्र इथली, कॅनबेराची. तिला माहेरी परतायचं होतं आणि हा 'एवढी एक निवडणूक होऊ दे' म्हणत राहिला. शेवटी आले तेव्हा ती आजारीच होती. वर्षभरात गेली.

आता त्याचं आत्मचरित्र चाललं होतं. हात थरथरायचे, म्हणून तो रेकॉर्डरवर बोलायचा, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, म्हणून मी टाइप करायचे. सगळी प्रकरणं झाली, बायकोचं सोडून. तिथे आला की गप्प. त्यात घशाचा आजार. ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. "तिच्याबद्दल बोललो नाही, तर हे पुस्तक नुसतं दुसऱ्यांच्या निवडणुकांचं," म्हणायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. अरे बाबा, ती होती तेव्हा बोलायचंस की.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, एका धुक्याच्या सकाळी मी त्याच्यासमोर बसले. हीटर चालू, तरी पाय गार. त्याने सुरुवात केली, अडखळला, आणि मी सवयीने "हं" म्हटलं. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं, हा झोपला. म्हातारा चमकला. "ती असंच करायची," म्हणाला. मग काय, मी हं हं करत राहिले आणि तो सांगत सुटला. हॉटेलच्या खोल्या, तिने एकटीने जेवलेली जेवणं, दाराशी भरून ठेवलेली तिची बॅग.

शेवटी खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीकडे बघत त्याने विचारलं, "रागावली होतीस ना माझ्यावर?"

हा प्रश्न मला नव्हता. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तोही थांबला. प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं, समोरचा बोलतोच, हा त्याचा धंद्यातला जुना डाव. कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने मी रेकॉर्डर बंद केला.

दुपारी घरी हेडफोन लावून टाइप करायला बसले. माझे हुंकार जागोजाग होते, चिरके आणि घाईघाईचे. शेवटचा प्रश्न आला. मग नुसती हीटरची घरघर. आणि मग "हं". सावकाश, खालच्या आवाजात.

मुलाला हाक मारून ऐकवलं. "दॅट्स नॉट यू, मम," म्हणाला आणि खांदे उडवून निघून गेला. तेवढंच पुसून टाकलं असतं, तर म्हाताऱ्याला कळलंही नसतं. ऑपरेशनच्या तोंडावर बिचाऱ्याला हे कशाला? पण तिच्या तोंडचं उत्तर गिळून टाकणारी मी कोण? घाबरत घाबरतच रेकॉर्डर घेऊन गेले.

त्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं. मला वाटलं, आता कोसळतो. डोळे भरले होते, पण तो चष्मा पुसून ताठ बसला.

"तिचं उत्तर आहे," तो म्हणाला. "जसंच्या तसं घ्यायचं. कुणाचं उत्तर गैरसोयीचं आहे म्हणून मी कधी कापलं नाही."

मग त्याने आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, "ऐक, मला माफी मागायचीय."

रेकॉर्डर माझ्या हातात बंद होता. मी तोंड उघडलं नव्हतं.

"हं," खिडकीकडून ऐकू आलं.