उकिरड्याची पंगत

वाटणीत तात्यांचा, म्हणजे धाकट्या चुलत्यांचा, उकिरडा नेमका आमच्या दारासमोर आला. वास असा की वेल्ह्याला उतरलेला पाव्हणा वाट न विचारता गुंजवणे गावात आमच्या दारी पोचे, आणि उंबऱ्यातूनच परत फिरे. ताईला बघायला आलेली दोन स्थळं अशीच फिरली. आता सारोळ्याचे पाहुणे यायचे होते.

आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तात्या, उकिरडा हलव."

"असलं खत साऱ्या मावळात न्हाई, दादा!"

"माजं सरस हाय."

पैज लागली. ज्याचं खत हरेल, त्याने आपला उकिरडा हलवायचा.

न्यायाधीश आमचे मामा. पुण्याला शेतकी शिकत. सुट्टीला येताना सूक्ष्मदर्शक घेऊन आले होते. ते म्हणाले, "मातीत दोऱ्यासारखे बारीक सूत्रकृमी असतात. ते जंतू खातात, पण जावयासारखे निवडून! आवडीचे दिसले की तिकडेच वळतात."

काचेवर मधोमध कृमी, एका बाजूला आबांच्या खताच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला तात्यांच्या. आबांनी आपल्या पाण्यात हळूच गूळ विरघळवला होता. तात्यांनी शिळं ताक ओतलं होतं.

एक चिलीम संपली. मामांनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. "सगळे तात्यांकडं!"

"आन् माजा गूळ?" आबा बोलून गेले.

"दाजी, ते गूळ खात नाहीत, जंतू खातात. ताज्या गुळात जंतू कुठले? तात्यांच्या थेंबाला ताकाचा वास येतोय, तिथं मात्र गावजेवण चाललंय."

"ताक माज्याच म्हशीचं हाय!" तात्या गरजले आणि नळीत डोकावले. "अगं बया, ह्या तर शेवया! वैनी, तुमच्यापरीस बारीक वळल्यात!"

आईने पदराने डोळे पुसले. उकिरडा राहणार होता.

दिवस राब भाजायचे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर प्रत्येकाला शेणखत पसरून जाळायचं होतं. आणि तात्या गावभर सांगत सुटले, "माज्या खताला किडं रांगा लावत्यात!" मग माणसांनीही लावल्या. पाट्या घेऊन भावकी आली, पाठोपाठ गाव, आणि खोटं सांगत नाही, भाटघरहून एक बैलगाडीसुद्धा. एवढा डांगोरा पिटल्यावर तात्या कुणाला 'नाही' म्हणणार?

सारोळ्याचे पाहुणे आले तेव्हा दारासमोर नुसता स्वच्छ खड्डा होता.

"विहीर खणताय वाटतं?"

"व्हय," आबा म्हणाले, "लागंल आता पानी."

ताईचं लग्न ठरलं. तात्यांच्या स्वतःच्या राबाला मात्र शेण उरलं नाही. रिकामी पाटी घेऊन ते आमच्याच दारी आले. आबांनी ती आपल्या खताने शीगोशीग भरली आणि वर गुळाचा खडा ठेवला.