सदर कावळा

जगातला कुठलाही निर्णय अंतिम असू शकतो, हे आमच्या आतोबांना आजवर कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बोरिवलीत आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली राहतात. एका सरकारी कचेरीत लोकांची अपिलं घेऊन त्यांवर आवकचा शिक्का मारण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर शिक्का तिथेच राहिला, पण सवय घरी आली. डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा आतोबांनी दोन पानी अपील केलं आणि डॉक्टरांनी म्हणे कंटाळून अर्धा चमचा मंजूर केला. आत्याने त्यांची फाटकी चप्पल टाकून दिली, तर "तिला बाजू मांडायची संधी दिली नाहीस" म्हणत ते ती कचऱ्याच्या डब्यातून परत घेऊन आले.

अशा माणसाला मी आमच्या पक्ष्यांच्या फोटोंच्या ग्रुपवर घेतलं, ही माझीच दुर्बुद्धी. मी तिथला ॲडमिन. नियम साधा होता, एकच पक्षी रोज टाकायचा नाही. आतोबांनी खिडकीच्या ग्रिलवरचा कावळा सलग सात दिवस टाकला. कोणीतरी "वा काका, झकास" लिहायचं आणि आतोबा ते आत्याला दिवसातून चारदा वाचून दाखवायचे. आठव्या दिवशी मी कावळा काढून टाकला. तासाभरात ते जिना चढून, फुलस्केप कागद घेऊन हजर. 'सदर कावळा कालच्या कावळ्याहून भिन्न असून त्याची मान डावीकडे आहे,' असं त्यात लिहिलेलं. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी पोच म्हणून माझी सही घेतली, वेळेसकट. मी जागच्या जागी अपील फेटाळलं, तर म्हणाले, "ज्यानं निर्णय दिला त्यानंच अपील ऐकायचं? असं कुठे असतं का रे?" मग प्रकरण आत्याकडे गेलं. ती मटार सोलत होती. दोन्ही बाजू ऐकून घेऊन ती म्हणाली, "दोघांनी फोन ठेवा आणि आधी हे सोला." माझ्या निर्णयाला स्थगिती मिळाली असा याचा अर्थ लावून आतोबांनी कावळा पुन्हा टाकला.

माझं डोकं फिरलं आणि मी त्यांना ग्रुपमधूनच काढलं. आता चांगलं जाडजूड अपील येणार म्हणून मी तयारीत होतो. आठवडा गेला, कागद आला नाही. आत्या म्हणाली, "जेवतात रे, पण बोलत नाहीत." मला फार वाईट वाटलं. खाली गेलो, तर ते खिडकीशी बसलेले.

"अपील नाही केलंत?"

"कोणाकडे करू? बाहेरच्यानं काढलं तर त्याच्या वर कोणीतरी असतं. घरच्यानं काढल्यावर वर कोण असतं रे?"

मी फोन काढून त्यांना तिथेच परत घ्यायला लागलो, तर त्यांनी हात आडवा घातला. अर्ज नसताना आदेश निघत नाही, म्हणाले. शेवटी मीच फुलस्केप घेऊन बसलो आणि त्यांच्या वतीने माझ्याविरुद्ध अपील लिहिलं. ॲडमिनच्या मनमानीबद्दल मी दोन ओळी घातल्या होत्या. त्या त्यांनी खोडल्या. "असं नको लिहूस. पोरगा चांगला आहे." मग सही करता करता थांबले आणि हळूच म्हणाले, "मंजूर होईल ना रे?"

मी म्हटलं, "होईल." एरवी सुनावणीआधीच निकाल सांगितला म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि सही केली.