अण्णांचा रिपोर्ट

पेशंटला सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपवण्याआधी अण्णा त्याचं डोकं दोन्ही हातांत धरत आणि बोटांनी हळूहळू चाचपत. तशी काही गरज नसे. जे आहे ते मशीन दाखवणारच असतं. पण हाताने बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा कोरमंगलाहून एक तरुण कपाळावरचं टेंगूळ घेऊन आला, भीतीने पांढराफटक पडलेला. अण्णांनी टेंगूळ दाबून बघितलं आणि आत येऊन मला म्हणाले, "हाडच वाढलंय वो मॅडम. दगडासारखं घट्ट लागतंय. लवकर बघून सोडा त्याला, कालपासून जेवला नाही म्हणे." स्कॅनमध्ये तेच निघालं. साधी, निरुपद्रवी हाडाची गाठ.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच बंगळुरूला आले होते. मारतहळ्ळीतल्या एका लहान सेंटरमध्ये रेडिऑलॉजिस्ट म्हणून लागले होते. अण्णा तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या घरचीच. मला कन्नडचा गंध नव्हता. पेशंटशी माझं सगळं बोलणं अण्णांच्या तोंडून व्हायचं.

देवनहळ्ळीच्या एक आजी पडल्या म्हणून त्यांचा स्कॅन केला. कवटीत दोन्ही बाजूंना हाड पातळ होऊन खळगे पडलेले दिसत होते. कर्करोग पसरल्याची शंका मी रिपोर्टमध्ये लिहायला घेतली. अण्णा मागे उभे होते. म्हणाले, "थांबा स्वल्प, थोडं थांबा. आजींच्या पिशवीत जुने फोटो आहेत, मी बघितलेत." सात वर्षांपूर्वीच्या त्या फिल्ममध्ये तेच खळगे होते, तेवढेच. वयामुळे झालेली झीज, बाकी काही नाही. मी वाक्य खोडलं. बाहेर आजींचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मी मराठीत बोलले, अण्णांनी कन्नडमध्ये सांगितलं, आणि त्या माणसाने वाकून अण्णांचेच पाय धरले. "माझे नको, मॅडमचे धर," असं म्हणत अण्णा लाजून आत पळाले.

पुढच्या उन्हाळ्यात पेशंट उचलताना अण्णा कमरेवर हात ठेवून थांबू लागले. "पाठ धरलीय मॅडम," एकदा म्हणाले. माझ्यासमोर रिपोर्टांचा ढीग होता. स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हटलं, "इतकी माणसं उचलता, धरणारच. गोळी घ्या." त्यांनी गोळ्या घेतल्या. तीन महिने घेतल्या. मग एके दिवशी पेशंटला टेबलावर सरकवताना ते मटकन खाली बसले, ते उठेनातच.

त्यांना त्याच टेबलावर झोपवलं. पाठीचा एक मणका दबला होता. मणक्यांत जागोजागी हाड खाल्लेलं दिसलं, म्हणून मी डोक्यापर्यंत सगळा स्कॅन करून घेतला. कवटीत गोल गोल भोकं होती, कडा स्वच्छ, पंचिंग मशीनने पाडल्यासारखी. मी काचेमागे बसून एकेक भोक मोजू लागले. अण्णा कसेबसे टेबलावरून उतरले, भिंत धरत धरत आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. अशा कवट्या त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितल्या होत्या.

"भरपूर आहेत की," ते म्हणाले. मग खुर्चीला टेकून, "रिपोर्ट तुम्हीच लिहा. आणि माझं आहे म्हणून कमी लिहू नका."

मी कमी लिहिलं नाही. रक्ताच्या तपासण्यांनी नाव पक्कं केलं: मायलोमा, हाडं पोखरत जाणारा रक्ताचा कर्करोग. दीड वर्ष उपचार चालले. मधल्या एका स्कॅनमध्ये नवी भोकं दिसली नाहीत, तेव्हा त्यांनी सगळ्या स्टाफला मैसूरपाक वाटला. त्याच्या पुढच्या स्कॅनमध्ये भोकं एकमेकांना मिळत चालली होती. तोही रिपोर्ट मीच लिहिला.

शेवटी उपचार थांबवले. मी त्यांच्या घरी गेले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, चहा टाकायला आत गेल्या. मी म्हटलं, "अण्णा, पाठ दुखते म्हणालात तेव्हा मी तुमच्याकडे वळूनही बघितलं नाही. माझ्यामुळे तीन महिने गेले."

"गेले खरे," ते म्हणाले.

ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. मला रडू आवरेना. त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं,

"हे कुणाला बोललात?"

"नाही."

"मग दीड वर्ष एकट्याच घेऊन फिरलात होय?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सरी, असू दे. आता बोललात ना. मला जरा बसतं करा, झोपून चहा पिता येत नाही. दंडाला धरून ओढू नका, काखेत हात घाला."

त्यांनी सांगितलं तसं मी उचललं. त्यांच्या अंगात वजन असं उरलंच नव्हतं. अक्कांनी चहा आणला. माझ्या खांद्याला टेकून ते अर्धा कप चहा प्याले आणि तसेच झोपी गेले. अक्कांनी त्यांच्या हातातला कप हळूच काढून घेतला. मी खांदा हलवला नाही, संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिले.

चार दिवसांनी अण्णा गेले.