दाराबाहेर काढलेल्या चपला
नव्या लाकडाचा वास आला की मला अमरावतीचं ते हॉटेल आठवतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीही झालं नव्हतं. वावरातली भाजी अकोटच्या बाजारात विकून बाबांनी मला शिकवलं. मुलाखतीसाठी कंपनीनं हॉटेलात खोली दिली, तर पोरीचं होणारं ऑफिस गेटावरून तरी पाहावं म्हणून तेही आले. स्वीडन-नॉर्वेकडच्या धर्तीचं हॉटेल, फिकट लाकूड, मोकळ्या पांढऱ्या भिंती. "रंग द्याचा राह्यला वाटते यांचा," बाबा हसले आणि घरी काढतात तशा चपला खोलीच्या दाराबाहेर काढून आत आले. सकाळी चपला नव्हत्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "फार झिजल्या होत्या, आम्हाला वाटलं टाकूनच दिल्या." बाबा म्हणाले, "जाऊ दे माय, मी असाच येतो गेटापर्यंत." त्यांच्या भेगाळल्या अनवाणी पायांकडे लोक पाहत होते, आणि मी म्हटलं, "नाही बाबा, तुमी खोलीतच थांबा." ते मागे फिरले. नंतर कितीदा बोलावलं, पण "वावरात काम आहे" एवढंच म्हणतात. सहा वर्षं झाली, त्यांनी माझं ऑफिस पाहिलेलं नाही. नोकरी मात्र मला मिळाली.